तांब्यावरचं नाव

माझी मुलगी पहिलीत आहे. कलबुर्गीतल्या एका इंग्रजी शाळेत जाते आणि संध्याकाळी घरभर उड्या मारत अक्षरांचे आवाज काढत हिंडते. ह्याला फोनिक्स म्हणायचं, असं तिच्या मिसनी आम्हा पालकांना बाकांवर बसवून तासभर समजावलं. म्हणोत बापड्या. पोरगी वाचते हे खरं. रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्यांवरचं वरचं कानडी आणि खालचं इंग्रजी दोन्ही वाचते, चुकलं तर स्वतःवरच चिडते. तो चिडका स्वभाव माझा. परवा तिनं विचारलं, "मम्मी, तुला वाचायला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "एका तांब्यानं." ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग मी तांब्याची गोष्ट सांगायला बसले, तर ती अर्ध्यातच उठून खेळायला गेली. म्हणून ती इथं लिहून ठेवते.

आमचं गाव आळंद तालुक्यात, निंबर्ग्यापासून फार लांब नाही. घरात मराठी, बाजारात कानडी, बांगड्या भरायला येणाऱ्या चाचीशी दखनी. बोलण्याची कुणालाच अडचण नव्हती, तिन्ही भाषांत आम्हाला झकास भांडता यायचं. अडचण अक्षरांची होती. शाळा मराठी, चौथीपर्यंत, दोन खोल्या आणि एक गुरुजी. पण शाळेत शिकलेलं अक्षर शाळेबाहेर कुठं दिसायचंच नाही. बसची पाटी कानडी. मैलाचा दगड कानडी. रेशनचं दुकान कानडी. आमच्या मराठी शाळेच्या दारावरचं शाळेचं नावसुद्धा कानडी. पुस्तकं यायला दिवाळी उजाडायची. तोवर गुरुजी फळ्यावर ‘कमळ’ लिहायचे, आम्ही कोकलून म्हणायचो, आणि संध्याकाळी फळा पुसला की कमळ गेलं. घरी जाईपर्यंत त्याची मान कुठल्या बाजूला होती ते मी विसरलेली असायची.

एक दिवस माझ्याशेजारच्या मुलीनं उभं राहून विचारलं, "गुरुजी, ही अक्षरं नुसती साळंतच असत्यात का?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. ते शेजारच्या गावाहून सायकलवर यायचे, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी हात झटकले आणि आम्हाला वाटलं, आता सगळ्यांना छडी. पण ते म्हणाले, "उद्या येताना घरातनं एकेक भांडं आणा. नाव घातलेलं आणा."

आमच्याकडं लग्नात, बारशाला, तेराव्याला भांडी देतात आणि दिलेल्या भांड्यावर नाव घालतात. उमरग्याच्या, उदगीरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव घालणारा बसलेला असायचा. तो भांडं मांडीत धरून टोच्यानं टिकटिक ठोकायचा आणि ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटवायचा. गावात मराठी कुठं लिहिलेली असेल तर ती तिथं, घराघरांतल्या मांडणीवर. इतके दिवस ती अक्षरं आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही त्यातून नुसतं पाणी पीत होतो.

आईला मी माय म्हणायचे. घरी आल्या आल्या मी दप्तर फेकलं आणि म्हणाले, "माय, नाव घातलेलं भांडं दे."

"कामून गं?"

"वाचायला. गुरुजींनी सांगितलंय."

आईनं हात धुतले. वरच्या फळीवरून, डाळीच्या डब्यामागून एक पितळी तांब्या काढला. तो सणासुदीलाच खाली यायचा. तिनं तो मांडीवर घेतला आणि त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. "माझ्या लग्नात अप्पानं दिलाय हा. राजेश्वरहून इथवर मांडीवरच घेऊन आले मी. ह्याच्यावर माझं नाव हाय, अप्पाच्या गावाचं बी नाव हाय."

"तुझं नाव मला म्हाईत हाय," मी तोऱ्यात म्हणाले.

"ते इथलं. हे तिथलं."

मग मला पहिल्यांदा कळलं की आईला आणखी एक नाव आहे. लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीनं नवं नाव लिहितो. आईचंही तसंच लिहिलं. तिला ते वाचता आलं नाही. कुणीतरी वाचून दाखवलं आणि त्या दिवसापासून ती ती झाली. तेही नाव कुणी घ्यायचं नाही. वडील ‘अगं’ म्हणायचे, आजी ‘थोरली’ म्हणायची, बाकी गाव तिला माझ्या नावानं ओळखायचं, अमकीची माय म्हणून. तिची आई आणि अप्पा, म्हणजे तिचे वडील, मी जन्मायच्या आत गेले होते. मामा तिला अक्का म्हणायचा. म्हणजे तिचं जन्माचं नाव जगात फक्त त्या तांब्यावर उरलं होतं.

"काय हाय तिथलं नाव? सांग की."

"मी न्हाई सांगायची. सांगितल्यावर वाचलं कसं म्हणायचं?" ती लाजल्यासारखी हसली. "तू शीक आन् वाचून दाखीव. अप्पा गेल्यापास्नं त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई मला. एकडाव कानानं ऐकायचंय."

मी सहा वर्षांची होते. पण कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याकडं काहीतरी मागितलं होतं, हे मला बरोबर कळलं. त्या रात्री तांब्या मी उशाशी घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी शाळेत असा खणखणाट झाला की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बघायला आला. ताटं, पेले, डबे, कुणी तर हंडाच डोक्यावर घेऊन आलेलं. गुरुजींनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि ठिपक्यांवरून बोट फिरवायला सांगितलं. "हे वळलं कुठं? ही काठी कुठं उभी राह्यली? आता डोळे उघडा." फळ्यावर महिनाभर न कळलेलं ‘म’ मला बोटानं एका दुपारी कळलं. ताटावरचं नाव कडेकडेनं गोल फिरतं, म्हणून वाचताना आम्ही ताट फिरवायचो. पुढं दिवाळीनंतर पुस्तकं आली तेव्हा ओळ संपली की अख्खा वर्ग पुस्तक फिरवायला लागला. गुरुजी कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. ती खोड मोडायला त्यांना पंधरा दिवस लागले. माझ्या बोटाची खोड तर अजून गेलेली नाही, छापील पानावरही ते ठिपके शोधतं.

त्या पहिल्या दिवशी वर्गात आलेल्या भांड्यांत आठ-दहा पितळी तांबे अगदी एकसारखे होते. गावचा एक जुना पाटील वारला तेव्हा त्याच्या मुलांनी तेराव्याला घरटी एक तांब्या वाटला होता. प्रत्येकावर पाटलाचं नाव आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. गुरुजींनी ते तांबे ओळीनं मांडले आणि म्हणाले, बघा, ह्या सगळ्यांवर एकच आहे, ओळखा. अशा रीतीनं आमचा पहिलीचा वर्ग ‘घर’, ‘नळ’ ह्यांच्या आधी ‘स्मरणार्थ’ वाचायला शिकला. तालुक्याहून साहेब आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी एका सुरात त्यांना ‘स्मरणार्थ’ वाचून दाखवलं. साहेबांनी शेरा लिहायला काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं.

त्या ओळीत शेवटचा तांब्या माझा होता.

मला तोवर धड चार अक्षरंही येत नव्हती. पण सारखं आणि वेगळं कळायला अक्षरं यावी लागत नाहीत. मी शेजारणीच्या तांब्यावर बोट फिरवलं, मग माझ्या. पुन्हा तिच्या, पुन्हा माझ्या. तेच वळण, तीच काठी. गुरुजींनी विचारलं, "हा तुझ्याकडं पण पाटलांचाच का?"

"न्हाई. माझ्या मायच्या नावाचा हाय."

गुरुजींनी तांब्या हातात घेतला, वाचला, माझ्याकडं बघितलं आणि ओळीतून काढून माझ्या दप्तराजवळ ठेवला. कधीतरी कुणाच्या लग्नात गावातली भांडी मागून नेली असणार, धुऊन परत देताना अदलाबदल झाली असणार. तांबे दिसायला सारखे आणि परत घेणारीला वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं आई एका मेलेल्या पाटलाच्या नावावरून अंगठा फिरवत होती.

घरी आले तर ती उंबऱ्यातच बसलेली. "आलं का गं वाचायला?"

मला खोटं बोलता आलं असतं तर मी बोलले असते. पण तिचं ते नाव मला माहीतच नव्हतं. आणि खरं सांगावं तर ते तिच्या हातातून तिचं नाव काढून घेतल्यासारखं. मी म्हणाले, "अजून येत न्हाई."

पुढं कितीतरी दिवस मी तेच म्हणत राहिले. ती आठ-पंधरा दिवसांनी विचारायची, हसत विचारायची, आणि मी वर्गात सगळ्यांच्या पुढं असलेली पोरगी घरी मान खाली घालून ‘न्हाई’ म्हणायची. दिवाळीनंतर बाजारात गुरुजी वडिलांना भेटले. सहज म्हणाले, तुमची मुलगी पुस्तक घडाघडा वाचते. वडिलांनी घरी येऊन कौतुकानं सांगितलं. जेवणं झाल्यावर आईनं मला परसात गाठलं.

"गुरुजीफुडं घडाघडा वाचायलीस म्हणं. आन् माझं नाव तेवढं येईना व्हय तुला?"

मी उभी राहिले. ती थोडा वेळ वाट बघत राहिली, मग आत गेली आणि तांब्या पदरानं पुसून डाळीच्या डब्यामागं ठेवून दिला. त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही. त्यापेक्षा तिनं मला बडवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना म्हणाले, "मला राजेश्वर लिहून द्या." त्यांनी कामून विचारलं नाही. वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडून त्यावर ठळक अक्षरात ‘राजेश्वर’ लिहून दिलं. आईचं नाव मला माहीत नव्हतं, पण तिच्या गावाचं माहीत होतं. ते ज्या तांब्यावर असेल तो आमचा.

तेव्हापासून मी गावभर पाणी पीत सुटले. कुणाच्याही दारात उभी राहायची, "काकू, तहान लागलीय." तांब्या हातात आला की फिरवून फिरवून वाचायचा, दोन घोट प्यायचे आणि पुढचं घर. पुठ्ठा फाटला तोवर तो शब्द बोटात बसला होता. मी चिंचोलीवाल्या जावयांची नावं वाचली, करजगीच्या मामांच्या भेटी वाचल्या, बौद्धवाड्यातल्या घरी बाळाच्या पाळण्याचा पेला वाचला, एका घरी ताटावर लिहिलेलं लग्न मोडलेलं होतं तेही वाचलं. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार, सगळं मी असं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून शिकले. बायका आजीला सांगायला लागल्या की पोरीला तहानेचा काहीतरी रोग आहे. आजीनं दोनदा माझी दृष्ट काढली. आई लांबून बघायची. आमच्यात एक अबोला आला होता. तो फक्त आम्हा दोघींना माहीत होता.

सगळी मराठी घरं संपली. राजेश्वर कुठंच नव्हतं. कानडी घरांत मी गेलेच नाही, त्यांच्या भांड्यांवर कानडी असणार हे मी धरूनच चालले होते. शाळेनं मला तेवढी एक गोष्ट चुकीची शिकवली होती, की अक्षरं आपापल्या घरी राहतात.

दुसरीचं वर्ष संपत आलं होतं. उन्हाळा. शाळा सुटून येताना मला खरीच तहान लागली. विहिरीजवळच्या घरात एक म्हातारी राहायची, कानडी बोलणारी, सगळे तिला अव्वा म्हणत. ती दारातच होती. "नीरु बेका?" तिनं विचारलं. पाणी हवं का म्हणून. मी मान हलवली. तिनं आतून तांब्या आणून दिला. मी तो दोन्ही हातांनी वर धरला, घटाघटा प्यायले, आणि पिता पिताच माझ्या बोटाखाली ‘रा’ आला. मग ‘जे’. पाणी नाकात गेलं. डोळे उघडायच्या आधी बोटानं सगळा शब्द वाचला होता.

मी तांब्या घेऊन पळाले. मागून अव्वा ओरडत होती, "ए हुडुगी! नन्न तंबगी!" ए पोरी, माझा तांब्या म्हणून.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी धापा टाकत तिच्यासमोर बसले. "माय, तुझा तांब्या हा हाय. तो दुसरा न्हाई. तो पाटलाचा हाय. वाचू?"

तिचे हात पिठातच थांबले.

"चि. सौ. कां.," मी वाचलं. मग तिच्या नावाचं पहिलं अक्षर वाचलं. आणि पुढं काही नव्हतं. तांब्या कधीतरी गळायला लागला असेल, अव्वाकडं कुणीतरी त्यावर झाळून एक ठिगळ बसवलं होतं, बरोबर नावावर. ठिगळाच्या पलीकडं पुन्हा अक्षरं सुरू होत होती. दीड वर्ष गावभर पाणी पिऊन मला एक अक्षर मिळालं होतं. मी रडायलाच लागले. "फुडचं दिसंना, माय. फुडं ठिगळ हाय."

आईनं पिठानं माखलेलं बोट माझ्या हाताला लावलं. "कुठलं अक्षर? दाखीव." मी तिचं बोट त्या अक्षरावर ठेवलं. तिनं ते अक्षर म्हटलं. मग बोट पुढं सरकवलं, ठिगळावर, जिथं काहीच नव्हतं तिथं, आणि तुटक तुटक, आम्ही वर्गात म्हणायचो तसं, तिनं आपलं नाव पुरं केलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. "फुडं काय हाय?" तिनं विचारलं.

"हीस वडिलांकडून भेट. रा. राजेश्वर."

"वडिलांकडून," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "म्हणून येत न्हाई म्हणायलीस व्हय इतके दिवस?" तिनं मला ओढून घेतलं आणि माझ्या दोन्ही गालांना पीठ लागलं.

तेवढ्यात अव्वा धापा टाकत दारात आली. आईनं तिला बसवलं, रडत हसत सगळं सांगितलं. "इदु निंदेनु?" अव्वानं विचारलं, हा तुझा का? आईनं मान हलवली. आईनं डब्यामागचा पाटलाचा तांब्या काढून तिच्या हातात दिला. अव्वानं तो वर-खाली बघितला, टिचकी मारून आवाज ऐकला, आणि त्यातूनच पाणी पिऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि अंगणातूनच मी आईला तिच्या त्या नावानं मोठ्यानं हाक मारली. गंमत म्हणून. परसातून क्षणात आवाज आला, "ओ! आले, अप्पा!"

मी मागं गेले तर ती शेणाची पाटी हातात घेऊन उभी होती. मला बघून तिनं डोळे वटारले. "मायला नावानं हाक मारत्यात व्हय गं? आजीनं ऐकलं म्हंजे?" मी जायला वळले. चार पावलं गेले असेन, मागून ती हळूच म्हणाली, "एकडाव आणखीन मार."

मी मारली. पुढं मी शिकायला कलबुर्गीला आले, नोकरीला लागले, लग्न झालं, तरी घरी गेले आणि आसपास कुणी नसलं की मारायची. प्रत्येक वेळी ती ‘ओ’ म्हणायची, केस पांढरे झाल्यावरही तशीच पटकन. तिच्या कार्डांवर, शेताच्या पहाणीवर, शेवटी दवाखान्याच्या कागदावरही तांदळातलंच नाव होतं. आता तिला जाऊन चार वर्षं झाली. मला ती रोज आठवते असं नाही, पण जेव्हा आठवते तेव्हा हाक मारावीशी वाटते, आणि ते फार वाईट आहे.

तांब्या माझ्या ओट्यावर असतो. काल मुलगी खेळून आली आणि पाणी पिता पिता थबकली. "मम्मी, हे ठिपके काय आहेत?" तिला मराठी वाचता येत नाही. मी तिचं बोट धरलं, पहिल्या अक्षरावर ठेवलं, कुठं वळलं, काठी कुठं उभी राहिली ते दाखवलं. तिनं ते अक्षर म्हटलं. बोट पुढं ठिगळावर सरकलं.

"इथं काहीच नाही," ती म्हणाली. "पुढं काय आहे?"

मी मोठ्यानं ते नाव घेतलं, आणि सवयीनं थोडा वेळ थांबले, मागच्या दारातून कुणी ओ देतंय का म्हणून.